खाऱ्या पाण्याची विद्या

आमचा गाव पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी पिकाला दिलं की जमीन चोपण होते. म्हणून बापजादे पावसाच्याच भरवशावर शेती करत आले.

मुंबईत १९६१ साली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था निघाली. १९८९ मध्ये तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. पण ही विद्या किनाऱ्यावरच थांबली नाही. समुद्रापासून कोसो दूर, हरियाणात रोहतकजवळच्या लाहलीला, संस्थेनं जमिनीतल्या खाऱ्या पाण्यात कोळंबी वाढवून दाखवली. त्या पाण्यात पोटॅश कमी असतं, ते वरून द्यावं लागतं. पोटॅश तर आम्हा शेतकऱ्यांच्या ओळखीचंच!

खारपाणपट्ट्यानं हे शिकावं. मात्र तळं पडीक जमिनीतच असावं. त्यातलं पाणी शेजाऱ्याच्या वावरात उतरता कामा नये.