आज्ञावलीचे घर कोणते?

2003 साली लोणारच्या एका टंकलेखन केंद्रात एम.ए.चा लघुप्रबंध टाइप करून घेतला होता. ती फाइल आज उघडली की पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि विरामचिन्हांचा खच दिसतो. मराठी अक्षरे फाइलीत कधी नव्हतीच. ती त्या केंद्रातल्या संगणकावर बसवलेल्या फाँटमध्ये होती. केंद्र बंद झाले, फाँट गेला आणि प्रबंध मुका झाला. एखादी वस्तू संगणकात कोठे बसवावी हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा नव्हे, हे मला असे कळले.

लिनक्समध्ये या प्रश्नाचा इतिहास जुना आहे. 1970च्या दशकाच्या आरंभी बेल प्रयोगशाळेत युनिक्स घडत असताना ‘यूएसआर’ ही जागा वापरकर्त्यांच्या घरांची होती. पहिली तबकडी भरली, प्रणालीचा काही भाग तिकडे सरकला, आणि पुढे वापरकर्त्यांनाच तेथून उठावे लागले. अडचणीतून आलेली ही व्यवस्था रूढी झाली. 1994च्या फेब्रुवारीत लिनक्सच्या मंडळींनी तिला नियमांत बसवले. वाड्याची वाटणी म्हणा ना! ‘यूएसआर’ हा सामाईक वाडा, त्यात वितरकाने पाठवलेले सारे. ‘यूएसआर/लोकल’ ही यंत्राच्या मालकाने मागाहून काढलेली पडवी. ‘ऑप्ट’ ही बाहेरून आलेल्या आज्ञावलीची स्वतंत्र खोली. आणि ‘होम’ ही ज्याची त्याची पेटी.

वाटपाचा प्रश्न याच वाटणीशी जोडलेला आहे. 1993 साली सुरू झालेल्या डेबियनसारख्या वितरणांनी आज्ञावल्यांची गाठोडी बांधली. प्रत्येकीत तिला आणखी काय लागते याची नोंद असते. सामाईक वाड्यात तीच मंडळी सामान लावतात. मराठी तेथे शिरली ती या वाटेने. 2000च्या सुमारास मुंबईत ‘इंडलिनक्स’चे काम सुरू झाले, 2004 साली रेड हॅटने ‘लोहित’ फाँट मुक्त परवान्याने दिले. अनुवादकांनी केलेली मराठी वाक्ये ‘यूएसआर/शेअर/लोकेल/एमआर’ या कप्प्यात जाऊन बसली. अनुवाद काही ठिकाणी अवघड, क्वचित हास्यास्पदही आहेत. पण ते कोणा एका दुकानाचे नाहीत. मजकूर युनिकोडात असल्याने एक फाँट गेला तर दुसरा तो वाचतो.

असो. सामाईक वाड्याचे जाचही आहेत. दोन आज्ञावल्यांना एकाच ग्रंथालयाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या हव्या असल्या की भांडण ठरलेले. शिवाय नवी आवृत्ती वितरकाच्या सवडीने येते. म्हणून ॲपइमेजने सारे सामान एकाच फाइलीत कोंबले, आणि 2016 साली फ्लॅटपॅक व स्नॅप पुढे आले. प्रत्येक आज्ञावलीला स्वतंत्र बिऱ्हाड! लेखकांना हे सोयीचे, आणि त्यांची तक्रार मला रास्त वाटते. मात्र फ्लॅटपॅक सहसा यंत्राला सांगितलेल्या भाषांचेच अनुवाद उतरवून घेतो. आपल्याकडे बहुतेकांचे यंत्र इंग्रजीत असते. त्यामुळे मराठी अनुवाद तयार असूनही यंत्रात येतच नाही. पूर्वी ती बहुधा न मागता कपाटात असे, आता मागावी लागते. हा फरक तांत्रिक आहे, असे मला म्हणवत नाही.

तो लघुप्रबंध मी युनिकोडात पुन्हा टाइप करतो आहे. छापील प्रत कपाटात होती म्हणून. सध्या तिसरे प्रकरण चालू आहे.