गंगथडीची पायवाट



माजलगाव तालुक्यातील दिंद्रुड हे गाव गोदावरीच्या काठावर नाही. तरीही या भागातला जुना माणूस आपला मुलूख गंगथडीचा आहे असेच सांगतो. आमच्याकडे गोदावरीस गोदावरी म्हणण्याची फारशी रीत नाही. तिला गंगाच म्हणतात. 'गंगेवर जाऊन येतो' एवढे म्हटले की कुठे, कशासाठी, हे निराळे विचारावे लागत नसे. सोमवतीला, पर्वकाळाला, अधिक मासात आणि घरात कोणी निवर्तले म्हणजे माणसे गंगेवर जात. बहुतेक पायीच जात. म्हणजे गावाचे भूगोलातले स्थान एक आणि त्याच्या मनातले स्थान दुसरे. या दोहोंना जोडणारी जी पायवाट, तिच्याविषयी आज दोन शब्द बोलावयाचे आहेत.

गेल्या पौषात आम्ही तिघे-चौघे मित्र दिंद्रुडहून निघालो आणि तीन दिवस पायी हिंडलो. प्रथम कालव्याच्या काठाने, मग सिंदफणेच्या व शेवटी गंगेच्या काठाने, असा आमचा बेत होता. कालव्याच्या भरावावर चालताना पहिल्याच तासात एका शेतकऱ्याने आम्हांस हटकले, "काय पाव्हणं, गाडी बिघडली का काय?" आम्ही सहज पायी निघालो आहोत हे त्यास पटेना. त्याच्या त्या प्रश्नावर आम्ही हसलो खरे. पण पुढे तीन दिवस तोच प्रश्न आमची पाठ सोडीना. कालव्याच्या काठाने चालणे येथे विचित्र का वाटावे?

फ्रान्स देशात याच्या उलट प्रकार आहे. तेथे पिएर-पॉल रिके या माणसाच्या खटपटीने 'कनाल द्यु मिदी' नावाचा सुमारे 240 किलोमीटरचा कालवा खोदण्यात आला. 1666 साली चौदाव्या लुईचा हुकूम झाला आणि 1681 मध्ये कालवा खुला झाला. रिके स्वतः त्याच्या आदल्याच वर्षी वारला. त्या कालव्यातून नावा चालत आणि त्या नावा काठावरून घोडे ओढीत. त्यामुळे काठाने पायरस्ता असणे भागच होते. पाण्याचे दरवाजे आले, दरवाजे उघडणाऱ्याचे घर आले, थांबणाऱ्यासाठी खानावळ आली, सावलीसाठी झाडे आली. नावांचा व्यापार पुढे आगगाडीने नेला; पण पायरस्ता उरला आणि त्याच वाटेने आज लोक एका खेड्यातून दुसऱ्या खेड्यात रमतगमत जातात.

आमचा कालवा माणसाला नेण्यासाठी निघालाच नाही. तो शेताकडे निघाला. त्याचा इतिहास थोडक्यात असा. हैदराबाद संस्थानच्या अमदानीत बीड जिल्ह्यातील जायकवाडी या गावाजवळ गोदावरीवर धरण बांधण्याची कल्पना निघाली. मराठवाडा मुंबई राज्यात आल्यावर नव्याने पाहणी झाली आणि धरणाची जागा वर पैठणला सरकली. नाव मात्र जायकवाडीचेच राहिले. 18 ऑक्टोबर 1965 रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि फेब्रुवारी 1976 मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्‌घाटन. त्याच योजनेचा दुसरा टप्पा म्हणजे सिंदफणेवरचे माजलगावचे धरण. पैठणच्या उजव्या कालव्याचे पाणी या जलाशयापर्यंत आणले आहे आणि तेथून निघणारा कालवा ते पुढच्या शिवारांत नेतो.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. पूर्वी माणूस गंगेकडे चालत जात असे. आता गंगाच माणसाच्या बांधापर्यंत येते. ज्यांनी 1972 चा दुष्काळ पाहिला, खडी फोडण्याच्या कामावर दिवस काढले, त्यांस या गोष्टीचे मोल सांगावयास नको. आम्ही त्या पाण्याला नावे ठेवणार नाही. पाण्याची पाळी आली की रात्री कंदील घेऊन, पुढे बॅटरी घेऊन, चारीवर बसणारा शेतकरी आम्ही पाहिला आहे. पण गंगा घरी आली आणि तिच्याकडे जाणारी वाट मात्र पोरकी झाली, हेही तितकेच खरे आहे.

त्या वाटेवर काय होते? माजलगावच्या खाली सिंदफणेच्या काठाने गेले म्हणजे मंजरथ लागते. तेथे सिंदफणा गंगेस मिळते. संगम म्हणून अस्थी घेऊन येणारी माणसे येथे अजून येतात. ती आता मोटारीने येतात आणि दोन घटकांत परततात. गंगेच्या काठाने वर गेले की पुरुषोत्तमपुरी. अधिक मासात, ज्याला आमच्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात, येथे पुरुषोत्तमाच्या दर्शनास अलोट गर्दी होते. त्या गर्दीतल्या फार थोड्यांस ठाऊक असते की या गावाचा जन्मदाखला तांब्यावर कोरलेला आहे. शके 1232, म्हणजे इसवी सन 1310, या वर्षीचा देवगिरीच्या रामचंद्रदेव यादवाचा ताम्रपट येथे मिळाला आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तो संपादून प्रसिद्ध केला. रामचंद्राचा मंत्री पुरुषोत्तम याच्या नावाने गंगेच्या दक्षिण तीरावर हा अग्रहार वसवला गेला.

या ताम्रपटात रामचंद्राच्या पराक्रमाचे मोठे वर्णन आहे. त्याने वाराणसी मुक्त केली असेही त्यात म्हटले आहे. आणि साल पाहावे तर 1310! अल्लाउद्दिनाची देवगिरीवरील पहिली स्वारी 1296 ची. त्यानंतर मलिक काफूर आला, रामचंद्रास दिल्लीस नेण्यात आले आणि तो मांडलिक होऊन परतला. ताम्रपट कोरला गेला तो या सगळ्यानंतर. राजाचे वैभव मावळत असताना गंगेच्या काठी एक गाव वसत होते. पुढे काही वर्षांत यादवांचे राज्य बुडाले; गाव राहिले. राजांच्या वंशावळीपेक्षा नदीकाठची वस्ती चिवट असते, हा धडा आम्ही पुस्तकात वाचला होता; त्या घाटावर उभे राहिल्यावर तो उमगला.

आणखी वर गेवराई तालुक्यात राक्षसभुवन आहे. 10 ऑगस्ट 1763 रोजी निजाम अली आपल्या फौजेसह गंगेपलीकडे उतरला होता आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर दक्षिण तीरावर मागे राहिला होता. मराठ्यांनी नेमके तेव्हाच त्यास गाठले. विठ्ठल सुंदर मारला गेला. पानिपतानंतर तिसऱ्या वर्षी तरुण माधवरावाच्या कारकीर्दीस बळ देणारा हा विजय. नदी केव्हा उतार देते आणि केव्हा देत नाही, हे जाणल्यावाचून ही लढाई समजत नाही. आणि ते नकाशावरून समजत नाही, काठाने चालूनच समजते.

पण या काठाचा खरा इतिहासकार आम्ही म्हाइंभटास मानतो. चक्रधरस्वामी गंगेच्या काठची गावे पायी हिंडले. त्यांच्यामागे म्हाइंभटांनी ज्यांनी ज्यांनी स्वामींस पाहिले, त्यांच्याकडे स्वतः जाऊन आठवणी गोळा केल्या, एकाचे सांगणे दुसऱ्याच्या सांगण्याशी ताडून पाहिले आणि तेराव्या शतकाच्या अखेरीस 'लीळाचरित्र' सिद्ध केले. 'स्थानपोथी' त्याही पुढे गेली. स्वामी कोणत्या गावी उतरले, तेथले देऊळ कोणत्या दिशेस, त्याचे दार कोणीकडे, अशी नोंद त्या पोथीने गावोगाव करून ठेवली. राजाश्रय नाही, दफ्तर नाही. दोन पाय आणि चौकस बुद्धी एवढ्या भांडवलावर मराठीत इतिहास लिहिला गेला.

म्हणून आमच्या मनास एक गोष्ट लागून राहिली आहे. माजलगावच्या जलाशयाखाली जी शिवारे गेली, नदीवर आपेगाव, हिरडपुरी, लोणी सावंगी येथे जे बंधारे झाले, त्यांमुळे जुने उतार आणि डोह नाहीसे झाले. वाळूच्या उपशाने पात्राचे रूपच पालटले. हे सर्व ज्यांनी आधी पाहिले, ती माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत. बैलगाडी कोणत्या उताराने पलीकडे जाई, मळईत काय पेरीत, पुराच्या खुणा कोणत्या पायरीला होत्या, नाव कोण चालवी, हे त्यांच्याखेरीज कोणास सांगता येणार नाही. ताम्रपट सहाशे वर्षे मातीत टिकतो. माणसाची आठवण टिकत नाही.

तेव्हा आमची विनंती एवढीच. दिंद्रुडच्या, माजलगावच्या शाळा-महाविद्यालयांतील मुलांनी सुटीत चार दिवस काढावे, भाकरी बांधून घ्यावी आणि एका गावातून दुसऱ्या गावात काठाने जावे. वही बरोबर असावी. देवळाचे दार कोणीकडे आहे ते लिहावे, पारावरच्या म्हाताऱ्यास जुना उतार कोठे होता ते विचारावे, आणि एकाचे सांगणे दुसऱ्याशी ताडून पाहावे. वाटेत कोणी 'गाडी बिघडली का काय?' असे विचारीलच. त्यास सांगावे, "गाडी नाही बिघडली, बाबा, वाट हरवली आहे, ती शोधतो आहोत." आमचा अनुभव असा की, एवढे ऐकले म्हणजे तो विचारणारा हातातले काम ठेवून चार पावले बरोबर येतो आणि मग स्वतःच सांगू लागतो.