स्कूबा फिन

स्कूबा फिन हे पाण्याखाली पोहताना पायांत घालावयाचे, रुंद व लवचीक पाते असलेले साधन आहे. पात्याचे क्षेत्रफळ पावलापेक्षा बरेच मोठे असल्यामुळे पायाच्या प्रत्येक हालचालीबरोबर अधिक पाणी मागे ढकलले जाते आणि पाणबुड्या पुढे सरकतो. स्कूबा डायव्हिंग करताना हवेची टाकी, जाकीट व नळ्या अंगावर असतात आणि हातांनी पोहण्याची पद्धत नसते. त्यामुळे पुढे जाणे, वळणे आणि प्रवाहात टिकून राहणे या सर्वांचा भार पायांवर येतो. फिन पायाला नीट बसणारे नसतील किंवा पायांच्या ताकदीला झेपणारे नसतील, तर पाणबुड्या लवकर थकतो व टाकीतील हवा लवकर संपते. म्हणून पहिला जोड निवडताना वेगापेक्षा पायाला बसणे आणि झेपणे या दोन गोष्टी महत्त्वाच्या मानल्या जातात.

इतिहास

पोहण्यासाठी हातापायांना पसरट फळ्या बांधण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ व मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन यांनी बालपणी अशा लाकडी फळ्या करून पाहिल्या होत्या. आधुनिक रबरी फिनचे श्रेय फ्रेंच नौदल अधिकारी लुई द कोर्लियू यांना दिले जाते. त्यांनी १९३३ मध्ये आपल्या रचनेचे पेटंट घेतले. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये नौकानयनाचे सुवर्णपदक मिळवणारे अमेरिकन खेळाडू ओवेन चर्चिल यांनी पुढे अमेरिकेत रबरी फिनचे उत्पादन सुरू केले. दुसऱ्या महायुद्धात लष्करी पाणबुड्यांनी फिनचा वापर केला. १९४३ मध्ये जाक-इव्ह कुस्तो व एमिल गान्यां यांनी 'अ‍ॅक्वालंग' हे श्वसनयंत्र तयार केले आणि युद्धानंतर पाण्याखाली पोहणे हा नागरी छंद बनला. त्याबरोबर फिनचाही प्रसार झाला.

संपूर्ण पाऊल झाकणारा 'रोंदिने' हा फिन इटलीच्या क्रेसी कंपनीने १९५० च्या दशकात बाजारात आणला. पात्याला झरोके असलेला 'जेटफिन' १९६० च्या दशकात फ्रान्समधील जॉर्ज ब्युशा यांच्या कंपनीने काढला. जड रबराचे त्या धर्तीचे फिन आजही वापरात आहेत.

रचना व प्रकार

फिनचे पाऊल बसण्याचा कप्पा आणि पाते असे दोन मुख्य भाग असतात. पात्याच्या दोन्ही कडांना असलेल्या उभ्या कण्यांमुळे पाणी बाजूने न निसटता मागे जाते.

कप्प्यानुसार फिनचे दोन प्रकार होतात.

बंद टाचेचे फिन: हे मऊ रबरी बुटाप्रमाणे अनवाणी पायात घालतात. ते वजनाने हलके असतात व प्रवासात कमी जागा घेतात. उष्ण पाण्यात, बोटीवरून उडी घेणाऱ्यांना ते सोयीचे ठरतात. मात्र त्यांचे माप पट्ट्याने कमीजास्त करता येत नाही आणि खडकाळ किनाऱ्यावर चालताना पावलाला संरक्षण मिळत नाही.

उघड्या टाचेचे फिन: यांत टाचेमागे रबरी पट्टा किंवा धातूची स्प्रिंग असते. ते निओप्रीनच्या बुटावर घालावे लागतात. बुटांमुळे थंडी, खडक, शिंपले व समुद्री साळींदर यांपासून पाय वाचतात. बोटीच्या शिडीजवळ हे फिन चटकन काढता येतात. वजन व खर्च मात्र वाढतो.

पात्यानुसार सलग पात्याचे, झरोक्यांचे, दुभंगलेले आणि मधोमध लवचीक पन्हळ असलेले असे प्रकार आढळतात. दुभंगलेले पाते वर-खाली छोट्या लाथा मारताना पायांवर कमी ताण देते. परंतु बेडकासारखी लाथ मारणे किंवा मागे सरकणे या हालचालींसाठी सलग, काहीसे ताठ पाते अधिक उपयोगी पडते. श्वास रोखून खोल जाणाऱ्यांचे अतिलांब फिन आणि केवळ पृष्ठभागावर पोहण्याचे आखूड फिन स्कूबासाठी सहसा वापरले जात नाहीत.

पहिल्या जोडाची निवड

माप: बंद टाचेचे फिन अनवाणी पायाने, तर उघड्या टाचेचे फिन प्रत्यक्ष वापरावयाचे बूट घालून मापून पाहावे लागतात. बुटांच्या जाडीमुळे लागणारे माप बदलते. म्हणून आधी बूट आणि मग फिन असा क्रम योग्य ठरतो. बोटे दुमडली जाऊ नयेत, पावलाच्या कमानीवर दाब येऊ नये आणि पाय उचलून हलवल्यास टाच निसटू नये, ही योग्य मापाची लक्षणे आहेत. घट्ट फिनमुळे पायाला मुंग्या येतात व पेटके येतात. सैल फिन कातडी सोलतो आणि प्रवाहात पायातून निघून जाऊ शकतो. निरनिराळ्या कंपन्यांची मापे परस्परांशी जुळत नसल्याने चपलेच्या क्रमांकावर विसंबून केलेली खरेदी अनेकदा फसते.

पात्याचा ताठपणा: ताठ पाते अधिक जोर देते, पण तो जोर पोटऱ्या व मांड्यांतूनच यावा लागतो. पाण्याचा विरोध साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट करावयाचा तर विरोध चौपट आणि लागणारी शक्ती सुमारे आठपट होते. त्यामुळे वेगवान म्हणून घेतलेल्या अतिताठ फिनचा नवशिक्याला फारसा लाभ होत नाही. उलट पोटरीत गोळा येण्याची शक्यता वाढते. दमलेला पाणबुड्या जोरजोराने श्वास घेतो. शरीरात कार्बन डायऑक्साइड साठल्यास घाबरेपणा येतो, आणि पाण्याखाली घाबरणे हेच अनेकदा मूळ अडचणीपेक्षा धोक्याचे ठरते. अगदी मऊ पाते मात्र प्रवाहात अपुरे पडते. म्हणून पहिल्या जोडासाठी मध्यम लांबीचे व मध्यम ताठपणाचे पाते सर्वसाधारणपणे सुचवले जाते.

तरंगण्याचा गुण: जड रबराचे फिन पाण्यात बुडतात, तर काही प्लास्टिकचे फिन तरंगतात. पातळ पोशाखातील पाणबुड्याने जड फिन घातल्यास पाय खाली झुकतात, शरीर तिरके होते आणि विरोध वाढतो. हवा भरलेल्या कोरड्या पोशाखात पाय वर उचलले जातात. तेथे हेच वजन उपयोगी पडते.

पट्टा: स्प्रिंगचा पट्टा प्रत्येक वेळी कमीजास्त करावा लागत नाही. रबरी पट्टा स्वस्त असतो, परंतु कालांतराने त्याला चिरा पडतात. त्यामुळे सुटा पट्टा व बकल सहज मिळणारा जोड श्रेयस्कर समजला जातो.

शक्य असल्यास प्रशिक्षण केंद्रातील दोन-तीन प्रकारचे फिन तलावात किंवा उथळ समुद्रात वापरून पाहणे हा निवडीचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. दुकानात उभ्याने मापलेला जोड पाण्यात अर्धा तास पाय मारल्यावर कसा वाटतो, हे त्याशिवाय कळत नाही.

भारतातील पाण्यानुसार निवड

अंदमान, लक्षद्वीप, कर्नाटकातील नेत्राणी बेट, गोव्यातील ग्रांडे बेट आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण-तारकर्ली ही भारतातील परिचित स्थळे उष्ण पाण्याची आहेत. बोटीवरून पाण्यात उतरणाऱ्यास येथे बंद टाचेचे फिन पुरतात. खडकाळ किनाऱ्यावरून चालत पाण्यात जावयाचे असल्यास बूट व उघड्या टाचेचे फिन बरे पडतात. मालवणला हौसेखातर एकदाच डुबकी घेणाऱ्या पर्यटकाला प्रशिक्षक धरून नेतो व सामग्रीही पुरवतो. त्याला स्वतःच्या फिनची गरज नसते. प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम पूर्ण करून नियमित पाण्यात उतरणाऱ्याच्या बाबतीतच खरेदीचा प्रश्न येतो.

कोकण किनाऱ्यालगत पाण्यात गाळ असल्याने तळाजवळ जोरात पाय मारल्यास दृश्यता घटते. फिनचा फटका बसून प्रवाळ तुटतात. भारतात प्रवाळांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. आपल्या फिनचे टोक कोठवर पोहोचते याचा अंदाज येण्यास नवशिक्याला वेळ लागतो. अतिलांब पाते टाळण्याचे हेही एक कारण आहे.

वापर व निगा

फिन घालून जमिनीवर किंवा बोटीवर चालणे टाळतात. चालणे भागच असल्यास उलटे, मागे मागे चालतात. पाण्यातून बोटीवर येताना शिडी किंवा दोर हाती धरल्याशिवाय फिन काढू नयेत, असा संकेत आहे, कारण फिनविना प्रवाहाशी झुंजणे कठीण जाते. पोटरीत गोळा आल्यास फिनचे टोक हाताने धरून स्वतःकडे ओढतात व पाय ताठ करतात, म्हणजे स्नायू ताणला जाऊन आराम पडतो.

वापरानंतर फिन गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवतात. ते टोकांवर उभे करून ठेवल्यास पाती वाकडी होतात, म्हणून आडवे ठेवतात. प्रत्येक वेळी पाण्यात उतरण्यापूर्वी पट्ट्यावरील चिरा व बकल तपासले जातात.

हेही पहा

स्कूबा डायव्हिंग
स्नॉर्केलिंग
तारकर्ली
मालवण