सत्यंकार ते साठेखत : मोडलेल्या शब्दाची किंमत

घर विकण्याचे ठरते, इसार दिला जातो, साठेखतावर सह्या होतात. आणि मग विकणाऱ्याचे मन फिरते. कधी भाव वाढलेले असतात, कधी दुसरे गिऱ्हाईक अधिक रक्कम पुढे करते. अशा वेळी घेणाऱ्याच्या पदरी काय पडावे, पैसे की घर? प्रश्न वरकरणी वकिलीचा वाटतो. पण दिलेल्या शब्दाचे मोल कशात मोजावे, हा त्याचा गाभा आहे. म्हणूनच भाषा शिकविणाऱ्या आम्हांला त्याच्या इतिहासात डोकवावेसे वाटले.

याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात इसाराला एक अर्थगर्भ नाव आहे : सत्यंकार. बोललेले खरे करणारा तो सत्यंकार. विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’ त्याचा खुलासा करते. सौदा पाळला जावा म्हणून अंगठीसारखी वस्तू दुसऱ्याच्या हाती दिली आणि देणाराच फिरला, तर ती वस्तू बुडाली. घेऊन ठेवणारा फिरला, तर त्याने दुप्पट परत करावे. जस्टिनियन बादशहाने इ. स. ५३३ मध्ये सिद्ध करविलेल्या रोमन विधिग्रंथातही इसाराचा जवळजवळ हाच नियम आढळतो. दोन्ही परंपरांनी इसाराच्या रूपाने शब्द मोडण्याची किंमत ठरवून दिली होती.

इंग्लंडमधील सामान्य न्यायालयेही करारभंगासाठी नुकसानभरपाईच देत. चॅन्सरी न्यायालयाने मात्र निराळी वाट धरली : प्रत्येक जमीन, प्रत्येक घर एकमेव असते, त्याची उणीव पैशाने भरून येत नाही, म्हणून विकणाऱ्याने ठरलेले घरच द्यावे. हा विचार १८७७ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याने हिंदुस्थानात आला. पण पाठोपाठ १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ ने बजावले की, विक्रीच्या नुसत्या कराराने मिळकतीत कोणताही हक्क उत्पन्न होत नाही. साठेखत आणि खरेदीखत या दोन शब्दांमधील अंतर ते हेच. साठेखताने घर मागण्याचा अधिकार मिळतो, घर मिळत नाही.

शिवाय घर देववावे की नाही, हे न्यायाधीशाच्या विवेकावर सोपविलेले होते. १९६३ च्या नव्या कायद्यानेही तो विवेक कायम ठेवला. मदुराईतील एका घराचा खटला या संदर्भात बोलका आहे. १९७८ साली साठ हजारांना सौदा झाला, पाच हजार इसार दिला गेला, उरलेल्या व्यवहारासाठी सहा महिन्यांची मुदत ठरली. घेणारा सुमारे अडीच वर्षे स्वस्थ राहिला. तेवढ्यात भाव बरेच चढले. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला घर नाकारले. अल्प इसार देऊन दुसऱ्याचे घर अनिश्चित काळ अडवून ठेवता येत नाही, असा त्या निकालाचा आशय. म्हणजे शब्द केवळ विकणाऱ्यालाच बांधत नाही.

१ ऑक्टोबर २०१८ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने न्यायालयाचा हा ऐच्छिक अधिकार काढून घेतला. कायद्यातील अपवाद वगळता करार पुरा करून देण्याचा हुकूम आता द्यावाच लागतो. मात्र आपण आपला वाटा उचलण्यास सदैव तयार आणि राजी होतो, हे घेणाऱ्याला आजही सिद्ध करावे लागते. दाव्याची मुदतही तीनच वर्षांची.

तत्त्वतः हा बदल आम्हांला स्वागतार्ह वाटतो. दुप्पट इसाराच्या नियमात श्रीमंत विकणाऱ्याला शब्द मोडणे परवडू शकते, कारण भाव चढला की दंड भरूनही नफा उरतो. राहते घर विकून, कर्ज काढून नव्या घराची वाट पाहणाऱ्या कुटुंबाला मात्र दुप्पट इसाराने छप्पर मिळत नाही. तरीही हुकूमनामा हाती येईपर्यंत जी वर्षे जातात, ती कोणतेही कलम परत देत नाही. आणि ज्याला तितके थांबणे परवडत नाही, तो अखेर इसार परत घेऊन गप्प बसतो. बोललेले खरे करण्याची जबाबदारी माणसाकडून कागदाकडे आणि कागदाकडून न्यायालयाकडे गेली. या प्रवासात कायदा अधिक न्याय्य झाला खरा. पण सत्यंकार या शब्दात माणसाच्या बोलण्यावर जो भरवसा होता, तो साठेखताच्या मुद्रांकावर उमटत नाही.