जत्रेतील स्वयंसेवक



कोजागिरीच्या रात्री सोलापूर-तुळजापूर रस्त्याने जो कधी पायी गेला आहे, त्याला त्या रात्रीचे वर्णन ऐकविण्याची गरज नाही. पंचेचाळीस किलोमीटरांची वाट, डोक्यावर पूर्ण चंद्र, आणि पुढे-मागे नजर पोहोचेल तिथपर्यंत माणसेच माणसे. कोणी सोलापूरची, कोणी थेट कर्नाटकातून चालत आलेली. रस्त्याच्या कडेला ठिकठिकाणी मांडव. एकात चहा, एकात केळी, एकात पायाला तेल लावणारे हात. या मांडवांत छातीला बिल्ला लावलेली कॉलेजची मुले असतात. वाटसरू त्यांच्याकडे फारसे पाहत नाही. चहा घेतो, 'आई राजा उदो उदो' म्हणतो आणि पुढे जातो.

मला आज बोलावयाचे आहे ते या मुलांविषयी. मी शिकलेला माणूस नव्हे. इयत्ता सातवीनंतरचे माझे सारे शिक्षण यंत्रमागाच्या खडखडाटात आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा विद्वानांनी मांडावा तसा इतिहास माझ्याकडून होणार नाही. परंतु तीस वर्षे कामगारांच्या अर्जांवर सह्या गोळा करीत हिंडल्यामुळे एक सवय जडली आहे: कोठलेही काम पाहिले की ते नेमके कोण करतो, हे आधी पाहावयाचे. उत्सवातील सेवेच्या इतिहासाकडे मी याच सवयीने पाहिले. मला असे दिसले की, ही सेवा ज्या ज्या वेळी आपल्या शेजारी राबणाऱ्या माणसाकडे वळली, त्या त्या वेळी तिच्यातून काही टिकाऊ निघाले. एरवी ती पौर्णिमेला सुरू झाली आणि पौर्णिमेलाच संपली.

आपल्या गावापासूनच आरंभ करू. सिद्धेश्वराचे तळे आपण रोज पाहतो. बाराव्या शतकात सोन्नलिगे म्हणजे या सोलापुरात सिद्धराम लोकांना घेऊन तळी खोदीत होता, देवळे बांधीत होता. 'शून्यसंपादने' या कन्नड ग्रंथात एक प्रसंग आहे. अल्लमप्रभू फिरत फिरत त्या कामावर येतात आणि सिद्धरामाला 'वड्डर' म्हणजे दगडमातीचे काम करणारा अशी हाक मारतात. ती ऐकून खोदणारे लोक चिडतात आणि अल्लमप्रभूंवर दगड फेकतात. पुढे दोघांचा वाद होतो. तळे बांधलेस, पण 'मी बांधले' हा भाव अजून गेला नाही, असा अल्लमप्रभूंचा आक्षेप. या प्रसंगावर कीर्तनकार बोलतात ते अहंकारावर, आणि ते योग्यच आहे. माझे मन मात्र दुसऱ्याच ठिकाणी अडते. जे लोक हातात कुदळ घेऊन तेच काम करीत होते, त्यांना त्या कामाचे नाव शिवीसारखे का लागावे? पुण्य तळ्याचे, आणि कमीपणा खोदणाऱ्याचा! ही गाठ आठशे वर्षांपूर्वीची आहे, आणि पुढच्या इतिहासात ती पुन्हा पुन्हा लागते.

आता एकदम १९१५ साली हरिद्वारला जाऊ. उडी लांब आहे, पण विद्यार्थी आणि यात्रा यांची आधुनिक गाठ पडलेली मला तेथे स्पष्ट दिसते. गोपाळ कृष्ण गोखले त्या वर्षी फेब्रुवारीत निवर्तले. त्यांच्या भारत सेवक समाजाने कुंभमेळ्यासाठी स्वयंसेवकांचे एक मोठे पथक हरिद्वारला पाठविले. प्रमुख होते हृदयनाथ कुंझरू, आणि वैद्यकीय अधिकारी आपले डॉक्टर देव. गांधी नुकतेच आफ्रिकेहून परतले होते. त्यांच्या फिनिक्स आश्रमातील मुलांची तुकडी मदतीला बोलावली गेली आणि मगनलाल गांधी तिला घेऊन आधीच पोहोचले. पुढे गांधींनी ही हकीकत आत्मकथेत लिहून ठेवली आहे.

स्वयंसेवकांचा मुक्काम एका धर्मशाळेत, तंबू ठोकून होता. डॉक्टर देवांनी शौचासाठी खड्डे खणून घेतले होते. परंतु त्या खड्ड्यांची निगा राखण्यासाठी पैसे देऊन भंगी लावावे लागत होते. ही गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. लाखो यात्रेकरूंची सेवा करण्यास आलेली, घरदार सोडून आलेली, खरोखर सद्‌भावनेने आलेली ही मंडळी; त्यांनाही स्वतःचा मैला झाकण्यासाठी दुसरा माणूस लागत होता. यात त्यांचा विशेष दोष नव्हता. साऱ्या देशाची रीतच ती होती. गांधींनी सांगितले, हे काम फिनिक्सची मुले करतील. मैल्यावर माती टाकतील, त्याची विल्हेवाट लावतील. डॉक्टर देवांनी आनंदाने होकार दिला. आणि मग गांधी एक प्रामाणिक वाक्य लिहून जातात, त्याचा आशय असा: बोलणारा मी होतो, पण करणारे मगनलाल. मी आपला बहुतेक वेळ तंबूत बसून लोकांना दर्शन देत होतो. पुढाऱ्याने स्वतःविषयी असे लिहावे हे दुर्मीळ आहे. आम्हा युनियनवाल्यांनी तर ते कचेरीत भिंतीवर लावावे.

त्या मुलांच्या हातची माती मला या इतिहासातील पहिली मोठी घटना वाटते. चार दिवसांचेच काम होते ते. परंतु सेवा करणारा आणि सफाई करणारा हे दोन वेगळे मनुष्य असलेच पाहिजेत, ही समजूत तेथे क्षणभर मोडली.

याच भारत सेवक समाजातील दुसऱ्या एका माणसाने ती समजूत अधिक शहाणपणाने मोडली. नारायण मल्हार जोशी, कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचे, पेशाने शिक्षक, १९०९ साली समाजात आले. १९११ साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. रात्रशाळा, वाचनालये, औषधोपचार, कोर्टकचेरीत गरिबांना सल्ला, अशी नाना कामे लीगने केली. पण जोशींनी आरंभापासून आणखी एक गोष्ट धरून ठेवली होती: समाजाची वस्तुस्थिती गोळा करावयाची आणि तिचा अभ्यास करावयाचा. म्हणजे औषधाची बाटली देताना विचारावयाचे, खोलीत किती माणसे राहता? गिरणीत किती तास उभे असता? भाडे किती? प्रश्न साधे, पण अशा प्रश्नांनी माणूस कोठल्या कोठे जातो पाहा. १९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय मजूर परिषद भरली तेव्हा हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून हेच जोशी गेले. १९२० साली आयटक म्हणजे अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस मुंबईत स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत ते होते आणि पुढे अनेक वर्षे तिचे सरचिटणीस. आमच्या चळवळीत त्यांना 'मवाळ' म्हणून नाके मुरडणारे पुष्कळ होते. तरुणपणी मीही त्यांतलाच. आता वाटते, दवाखान्यातून युनियनकडे जाणारी वाट त्यांनी चालून दाखविली, आणि तिच्यावरून आम्ही सारे गेलो.

तिसरा मुक्काम आपल्याच जिल्ह्यात, पंढरपूरला. साने गुरुजी अमळनेरच्या शाळेतले शिक्षक, मुलांचे गुरुजी. विठ्ठलाचे मंदिर हरिजनांना उघडावे म्हणून त्यांनी १९४७ च्या मे महिन्याच्या १ तारखेपासून १० तारखेपर्यंत पंढरपुरात उपोषण केले. त्याआधी कित्येक महिने ते महाराष्ट्रभर हिंडले, आणि राष्ट्र सेवा दलाची तरुण मुलेमुली गाणी-नाट्ये घेऊन गावोगाव गेली. यात्रेत पाणी वाटणारे हात सर्वांना चांगले वाटतात. पण त्या मुलांनी उलटेच विचारले: या यात्रेत पायरीबाहेर कोण उभा आहे? एवढे विचारताच मंडळी रागावली. तरीही दहाव्या दिवशी गुरुजींचे उपोषण सुटले, आणि मंदिराचे दार उघडले.

स्वातंत्र्यानंतर सरकारलाही वाटू लागले की विद्यार्थ्यांनी देशसेवा करावी. डॉ. राधाकृष्णन् यांच्या विद्यापीठ शिक्षण आयोगाने ती ऐच्छिक असावी असे सुचविले. चिंतामणराव देशमुखांच्या समितीने १९५९ साली सक्तीची योजना मांडली. समित्या झाल्या, अहवाल झाले, आणि शेवटी गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. बोधचिन्ह कोणार्कच्या रथाचे चाक. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचे शिबिर, असा हिशेब. तास मोजण्यावर मी टीका करणार नाही. तास मोजून घेण्यासाठी तर आमच्या बापजाद्यांनी संप केले. प्रश्न एवढाच की, त्या तासांत मुलांनी काय पाहावयाचे हे कोणी ठरवून दिलेले नसते.

येथे माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो. १९८७ सालची कोजागिरी. मी तेव्हा पूर्व भागातल्या एका कारखान्यात टॉवेलच्या मागावर होतो. वय सतरा. मजुरी कामावर, म्हणजे माग बंद तर हात रिकामा. रात्रपाळी बुडवून तुळजापूरला निघालो होतो. निम्म्या वाटेवर टाच फुटली. एका मांडवात कॉलेजच्या पोराने पाय मांडीवर घेतला, धुतला, पट्टी बांधली. वयाने माझ्याहून दोन-तीन वर्षे मोठा असेल. पट्टी बांधता बांधता त्याने विचारले, "काम काय करतोस? आजची रजा पगारी आहे का?" मला हसू आले. पगारी रजा हा शब्द मी त्या रात्री प्रथम ऐकला. तो म्हणाला, "कायद्यात आहे. बघ चौकशी करून." मी चौकशी केली. त्या चौकशीपायी ती नोकरी गेली, दुसरीही गेली, आणि मी युनियनच्या कचेरीत चटई टाकून राहू लागलो. त्या मुलाचे नाव मला माहीत नाही. देवीचे दर्शन मात्र त्या वर्षी झाले. रांगेत पहाट झाली होती.

दुसऱ्या दिवशी परतताना तोच रस्ता पाहिला. मांडव उठले होते. पत्रावळी, केळीच्या साली, चहाच्या मातीच्या कुल्हड्यांच्या खापऱ्या यांचा खच पडला होता, आणि पाच-सहा बायका पदर नाकाला लावून तो गोळा करीत होत्या. त्यांना चहा देणारा मांडव कोठे नव्हता.

हे चित्र पुढे बदलले नाही असे मी म्हणणार नाही. गेल्या दशकात आषाढीच्या पालखी मार्गांवर फिरती शौचालये आली. राष्ट्रीय सेवा योजनेची मुले-मुली वारकऱ्यांबरोबर चालत चालत कचरा उचलू लागली, पथनाट्ये करू लागली. गणेश विसर्जनाला तळ्याकाठी निर्माल्य गोळा करणारी मुले आता नवलाची राहिली नाहीत. हे चांगलेच झाले. परंतु त्याच पंढरपुरात, वारीनंतर माणसांना हाताने मैला उचलावा लागतो, ही तक्रार मुंबई उच्च न्यायालयापर्यंत न्यावी लागली. हाताने मैला उचलण्याविरुद्ध पहिला कायदा १९९३ चा, दुसरा २०१३ चा. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २७ मार्च २०१४ चा. त्यानंतर पंढरपुरात शौचालये वाढली, नदीपलीकडे ६५ एकरांवर वारकऱ्यांची सोय झाली. हरिद्वारच्या त्या धर्मशाळेतील खड्ड्यांपासून येथपर्यंत एक शतक गेले. आणि ही तक्रार घेऊन न्यायालयात गेले ते या कामाविरुद्ध लढणारे कार्यकर्ते. चंद्रभागेच्या वाळवंटात दरवर्षी सेवेस येणाऱ्या इतक्या संस्थांपैकी एकीला तरी ती सुचावयास हवी होती.

आता कुंभारी. अक्कलकोट रस्त्यावरचे आमचे हे गाव. येथे विडी कामगार बायकांनी वर्षानुवर्षे लढून घरे मिळविली. गोदूताई परुळेकर वसाहतीची दहा हजार घरे २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंगांच्या हस्ते दिली गेली. रे नगर तीस हजारांचे. त्यातली पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या हस्ते मिळाली. घर मिळाले म्हणून विडी थांबत नाही. सण असो, सुतक असो, सुपात पान-तंबाखू घेऊन बाई बसलेलीच. हजार विड्यांवर मजुरी, त्यातून छाट वजा. १९६६ साली विडी कामगारांसाठी कायदा झाला तेव्हा त्यात पगारी रजा लिहिली होती. किती जणींना ती प्रत्यक्ष मिळाली, हे सभेत बसलेल्या बायकांनाच विचारा. पण या बायकांच्या पोटच्या पोरी आज कॉलेजात आहेत, आणि त्यांच्या छातीवर कोणार्कच्या चाकाचा बिल्ला आहे. हरिद्वारला गेलेले बहुतेक स्वयंसेवक सुखवस्तू घरांतले असावेत. आमच्या मुलींना राबणारा माणूस शोधण्यास दूर जावे लागत नाही. तो घरातच असतो.

गेल्या कोजागिरीनंतर तिसऱ्या दिवशी यांपैकी एक मुलगी माझ्याकडे आली. आई विडी वळते, वडील पूर्वी मागावर होते. हातात कॉलेजने दिलेली कामाची वही. रस्त्यावरच्या मांडवात तिने रात्रभर पाणी वाटले होते; त्याचे तास पहिल्या पानावर लिहून सही घेतली होती. मागचे पान उघडून तिने माझ्यापुढे ठेवले. सकाळी मांडव उठल्यावर ती थांबली होती आणि रस्ता झाडणाऱ्या बायकांची नावे लिहून घेतली होती. अकरा नावे. प्रत्येकीपुढे तीन रकाने: हातमोजे मिळाले का, रोज किती ठरला, हातात किती आला. पहिल्या रकान्यात अकरा वेळा 'नाही'. तिसऱ्या रकान्यातील आकडा दुसऱ्याहून कमी, तोही सर्वांचा सारखा नाही.

"काका, सरांनी सांगितलं, हे वहीत नको, सेवेत येत नाही," ती म्हणाली. "मग कुठं लिहायचं?"

मी कपाटातून कोरा कागद काढला आणि तिला वर कामगार अधिकाऱ्याचे नाव घालावयास सांगितले. अक्षर तिचे चांगले आहे. नावे तिनेच उतरविली. दोन बायकांच्या अंगठ्यासाठी जागा सोडली, आणि शाईचा पॅड कोठे मिळेल ते विचारून घेऊन ती परत रस्त्यावर गेली.