वाळवंट आणि बर्फ यांच्यामधले साठ दिवस

आज एक अगदी व्यवहारातला प्रश्न घेऊ. लांबच्या वाटेला पायी निघायचं आहे. वाटेत आधी वाळवंट आहे आणि मग बर्फाचे डोंगर. तर निघावं कधी? उन्हाळ्यात निघालात तर वाळवंट जाळतं. ते टाळायला पावसाळ्यानंतर निघालात, तर डोंगराशी पोहोचेपर्यंत घाट बर्फाने बंद झालेले असतात. अमेरिकेतल्या पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलवर मेक्सिकोच्या सीमेवरून उत्तरेकडे निघणारे आजचे पदयात्रीही याच पेचात असतात. दक्षिण कॅलिफोर्नियाचा रखरखीत भाग ऊन तापायच्या आत संपवायचा, पण सिएरा नेवाडात मात्र बर्फ उतरल्यावरच शिरायचं.

हा पेच फार जुना आहे. आम्हाला आज त्यासाठी ह्युएन त्संगचं उदाहरण घ्यायचं आहे. नालंदेत शिकलेला, हर्षाला भेटलेला, दुसऱ्या पुलकेशीच्या काळात आपल्या महाराष्ट्रात येऊन गेलेला हा चिनी भिक्षू आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. तो इथे पोहोचला कसा, हे मात्र आपण 'खडतर प्रवास करून' एवढ्या तीन शब्दांत उरकतो.

हुई-ली या भिक्षूने लिहिलेल्या चरित्रानुसार तो इ. स. ६२९ मध्ये, चिनी आठव्या महिन्यात, म्हणजे शरदात चांगआनहून निघाला. काही अभ्यासक ६२७ हे साल मानतात. देशाबाहेर जायला तेव्हा बंदी होती. परवाना नाही, म्हणून दिवसा लपायचं आणि रात्री चालायचं. अशा माणसाला ऋतू निवडायची मोकळीक कितीशी असणार? तरी शरद असल्यामुळे गोबीचा ऐन उन्हाळा टळला, असं म्हणता येईल. पण पाण्याचं काय? हामीच्या अलीकडचं वाळवंट आठशे ली, म्हणजे अंदाजे चारशे किलोमीटर. तिथे पाण्याची पखाल त्याच्या हातून निसटली आणि सगळं पाणी सांडलं. दहा-बारा ली तो मागे फिरला. मग पूर्वेकडे पाऊल टाकणार नाही ही आपली शपथ आठवून पुन्हा पश्चिमेला वळला. चार रात्री आणि पाच दिवस पाण्याचा थेंब नाही. शेवटी घोड्यानेच वाट सोडली आणि त्याला गवताशी, पाण्याशी नेलं. हा म्हातारा, हडकुळा घोडा त्याने सीमेजवळ एका वृद्धाकडून बदली घेतला होता. तो पंधरा वेळा हामीला जाऊन आलेला होता. म्हणजे बघा, पोथ्या वाचलेला पंडित जगला तो घोड्याच्या अनुभवावर.

पुढे तुर्फान. तिथल्या राजाला तो कायमचा हवा होता. अन्नत्याग केला तेव्हा कुठे सुटका झाली. मग मात्र राजाने तीस घोडे आणि पंचवीस माणसं दिली. पुढचा मुलूख थंड म्हणून तोंड झाकायची वस्त्रं, हातमोजे, बूटही करून दिले. पण कुचाला आल्यावर काय झालं? समोर तियान शान. लिंग पर्वतावरची बर्फाची वाट उघडलेली नाही. वाळवंटाला सोयीची ठरलेली वेळ डोंगराला गैरसोयीची ठरली. मग ह्युएन त्संग थांबला, साठांहून अधिक दिवस. ज्याने पाण्यावाचून पाच दिवस काढले पण पाऊल मागे घेतलं नाही, तो इथे दोन महिने बसून राहिला! आमच्या मते हट्ट आणि निश्चय यांतला फरक इथे दिसतो.

आता थांबल्यामुळे सगळं सुखरूप झालं का? नाही. डोंगर ओलांडायला सात दिवस लागले. जेवायला, झोपायला कोरडी जागा नव्हती. भांडं टांगून शिजवायचं आणि बर्फावरच अंथरायचं. दहांतले तीन-चार सोबती गारठून गेले, बैल-घोडे तर त्याहूनही जास्त. मेलेल्यांची नावं चरित्रात नाहीत. वेळ साधणं म्हणजे संकट टळणं नव्हे, हे या माणसांनी जीव देऊन दाखवलं. यात्रेचं पुण्य एकाच्या नावावर जमा होतं. किंमत मोजणारे बरेच असतात. इतिहास वाचताना हे विसरू नये.

डोंगरापलीकडे तुर्कांच्या खानाने त्याला उलट सांगितलं, की हिंदुस्थानात जाऊ नका. तिथला दहावा महिना आमच्या पाचव्या महिन्यासारखा तापतो, तुम्ही वितळून जाल! यातली थट्टा सोडा. महिन्याचं नाव एकच असलं तरी ऋतू जागेप्रमाणे बदलतो, हे त्या खानाला पक्कं ठाऊक होतं.

ह्युएन त्संगनेही ते टिपलं आहे. भिक्षूंनी पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहावं, हा वर्षावासाचा नियम आपल्या ओळखीचा आहे. चातुर्मास पाळणाऱ्या घरांना तर तो वेगळा समजावून सांगायला नको. पण तुखार देशात त्याने पाहिलं, की तिथले भिक्षू हिवाळ्याच्या अखेरीपासून वसंतापर्यंत वर्षावास करतात, कारण तिथे पाऊस तेव्हा लागतो. त्याने त्यांना धर्मभ्रष्ट म्हटलं नाही. नियम काळाला धरून बसवला आहे, असंच म्हटलं.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. काळ म्हणजे काय, यावर तासन् तास बोललो. पण वाटसरूचा काळ तारखेत नसतो. तो पुढच्या खिंडीतल्या बर्फात असतो, विहिरीतल्या पाण्यात असतो. मुहूर्त पंचांगात मिळतो. वाट उघडली की नाही, हे त्या मुलखातल्या माणसालाच विचारावं लागतं, प्रसंगी घोड्यालाही. आणि 'अजून नाही' असं उत्तर आलं तर बसून राहायचं. कुचाचे ते साठ दिवस प्रवासातून वजा करू नका. तेही प्रवासातच धरायचे.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.