रेशमी विजार घातलेला बेडूक

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इटलीच्या पाव्हिया विद्यापीठात शिकवणारे एक धर्मगुरू नर बेडकांना टॅफेटा या रेशमी कापडाच्या विजारी चढवत होते. लाझारो स्पालान्झानी (१७२९–१७९९) हे त्यांचे नाव.

हा विक्षिप्तपणा नव्हता आणि कल्पनाही त्यांची नव्हती. फ्रान्समध्ये रेओम्यूर आणि नोले यांनी ती आधीच अजमावली होती, पण त्यांच्या हाती काही लागले नाही. प्रश्न साधा होता. नर मादीला घट्ट कवटाळून बसतो, मादी पाण्यात अंडी सोडते. मग ती फलित कुठे होतात? मातेच्या देहाबाहेर फलन होतच नाही, असे खुद्द लिनियसने ठासून सांगितले होते.

विजार घातलेल्या नरांच्या माद्यांची अंडी सडून गेली. मोकळ्या नरांच्या माद्यांच्या अंड्यांतून मात्र टॅडपोल, म्हणजे भैकेर, बाहेर पडले. स्पालान्झानींनी मग विजारीत साचलेले थेंब कुमारी अंड्यांना लावले. त्यांतूनही भैकेर वळवळू लागले! लिनियसचे विधान तिथेच निकालात निघाले. १७८० साली हे सारे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

खरी गंमत पुढेच आहे. त्यांनी ते वीर्य कागदांच्या थरांतून गाळले. गाळून खाली आलेला द्रव निष्फळ ठरला. कागदावर उरलेला अंश पाण्यात कालवताच अंडी फलित झाली. म्हणजे गाळणीत अडकलेले शुक्रजंतूच फलन घडवतात, हे उत्तर जणू कागदावरच लिहिलेले होते. पण स्पालान्झानींनी ते वाचले नाही. शुक्रजंतू नसलेला द्रवही फलन करतो, असा त्यांचा समज झाला होता.

त्यामागे एक जुनी श्रद्धा होती. फलित आणि अफलित अंडी दिसायला सारखीच. तेव्हा भैकेर अंड्यात आधीपासूनच घडी घालून बसलेला असतो, वीर्य त्याला केवळ जागे करते, असे ते मानत. त्यांना पूर्वग्रहदूषित म्हणून मोडीत काढणे सोपे आहे, पण अन्याय्य: त्यांच्या सूक्ष्मदर्शकातून जे दिसत होते, त्याच्याशी हा सिद्धान्त फारसा विसंगत नव्हता.

१८२४ साली जिनिव्हात प्रेव्हो आणि द्युमा यांनी गाळणीचा तोच प्रयोग पुन्हा केला आणि श्रेय शुक्रजंतूंना दिले. शिवाय बेडकाच्या फलित अंड्यावर भेगेसारखी एक रेघ उमटते, मग दुसरी, मग अंडे तुकड्यातुकड्यांत विभागत जाते, हेही त्यांनी टिपले. घडी घातलेला भैकेर तिथे कुठेच नव्हता.

त्यातली पहिली रेघ डच निरीक्षक यान स्वामरडाम यांनी सतराव्या शतकातच पाहिली होती. त्यांच्या मृत्यूनंतर १७३७–३८ मध्ये निघालेल्या ग्रंथात तिचे चित्रही छापले गेले होते. तेव्हा स्पालान्झानी आठ-नऊ वर्षांचे होते.